गर्भारपणाचे पहिले तीन महिने

(मातृसभा, कौटुंबिक उपासना व गांवोगांवचे उपदेशक यांच्यासाठीं पाठ)

शास्त्रवाचन : लूक १ : २४-५६, उत्पत्ति २५ : २१-२३, उत्पत्ति ३३ : १२-१४.

पाठाचा हेतु : पोट दिसूं लागण्यापूर्वींच गर्भार स्त्रीच्या शरीरांत व मनांत मोठे फेरफार होतात, हें समजून घेणें, आणि त्या दिवसांत तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तिचा भार हलका करण्यास घरास व मंडळीस शिकविणें.



हा विषय बायकांचा. तो उपासनेच्या पाठांत कशाला, असें कोणी म्हणतील. परंतु शुभवर्तमानकार लूक यानें आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत दोन गर्भार स्त्रियांची हकीकत मोठ्या आदरानें दिली आहे. लूक हा वैद्य होता, हें कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं पौलानें सांगितलें आहे. ज्या गोष्टीची त्यास लाज वाटली नाहीं, तिची आपण कां धरावी? मात्र उपदेशकानें हा पाठ देतांना भाषा मर्यादेची ठेवावी, थट्टेस जागा देऊं नये, आणि आपली पत्नी किंवा मंडळींतील एखादी वडील बहीण हिला बरोबर घ्यावें.

१. मरीयेचे तीन महिने

देवदूत मरीयेकडे आला, त्या वेळीं तिची नातलग अलीशिबा हिला सहावा महिना होता. मरीया त्वरेनें निघाली आणि गालीलांतील नासरेथाहून यहूदाच्या डोंगराळ मुलखांत गेली. ती वाट पायीं तीन-चार दिवसांची. तेथें ती सुमारें तीन महिने राहिली, असें लूक सांगतो. हे तीन महिने मरीयेच्या गर्भारपणाचे पहिलेच तीन महिने होत, ही गोष्ट वाचतांना आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं.

ह्या तीन महिन्यांत बाहेरून दाखवावें असें तिच्याजवळ कांहीं नव्हतें. असें असतां अलीशिबेनें काय केलें पाहा. तिनें पुरावा मागितला नाहीं, उलट तपासणी केली नाहीं, "इतक्यांत काय कळतें?" असें म्हटलें नाहीं. तिनें आनंदानें तिचें स्वागत केलें, आशीर्वादाचे शब्द उच्चारिले आणि तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. अलीशिबेनें स्वतः आपले पहिले पांच महिने एकांतांत काढिले होते. म्हणजे जखऱ्याच्या त्या घरांत एकीचे आरंभींचे महिने चालले होते व दुसरीचे शेवटचे. जी वाट एक नुकतीच चालून आली होती, तीच दुसरी चालूं लागली होती. पहिलटकरणीला अशाच सोबतीची गरज असते.

आतां उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायाकडे वळूं. एसाव आपल्या भावाला बरोबर चालण्याचा आग्रह करितो; परंतु याकोब नम्रपणें नकार देतो. त्याच्या कळपांत पिलांना पाजणाऱ्या मेंढ्या व गाई होत्या. एक दिवस जरी त्यांना जबरीनें हांकलें, तरी कळप मरेल, हें तो मेंढपाळ जाणून होता. म्हणून त्यांच्या चालीनें आपण हळूहळू येऊं, असें तो सांगतो.

हें शहाणपण आपल्या शेतकरी बांधवांस शिकवावें लागत नाहीं. गाभण म्हैस कोणी दूरच्या बाजारास हांकीत नाहीं. गाभण शेळीला काठी मारणाऱ्या पोराच्या पाठींत धपाटा बसतो. पण त्याच घरांतील सून सकाळीं चुलीपुढें बसतांच ओकारी येऊन उठली, तर तिला काय ऐकावें लागतें? "आम्हांला काय पोरें झालीं नाहींत?" पोट दिसेपर्यंत तिचें कोणी खरें मानीत नाहीं, आणि सर्वांत अधिक त्रास तर पोट दिसण्यापूर्वींच असतो. याकरितां प्रथम तिच्या शरीरांत काय चाललें आहे तें पाहूं.

२. शरीरांत काय घडतें

वैद्य गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळें पाळी चुकून आठ दिवस झाले, कीं हिशेबानें पांच आठवडे भरलेले असतात. त्या पहिल्या दिवसांत नऊ महिने व सात दिवस मिळविले, म्हणजे बाळंतपणाचा अंदाजी दिवस निघतो. म्हणून प्रत्येक विवाहित बहिणीनें पाळीचा दिवस भिंतीवरील दिनदर्शिकेंत खूण करून ठेवावा.

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरांत रुजला, कीं त्याच्या भोंवतालच्या पेशी एक रस मातेच्या रक्तांत सोडूं लागतात. अशा रसांस संप्रेरक म्हणतात. ह्या रसामुळें पुढली पाळी थांबते. हाच रस लघवींतहि उतरतो. आशा कार्यकर्तीजवळ 'निश्चय' नांवाची जी तपासणीची पट्टी असते, तिच्यावर लघवीचे थेंब टाकले असतां गर्भ राहिला आहे कीं नाहीं, हें ह्याच रसावरून कळतें.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचें चिमुकलें हृदय चालूं लागतें. पुढें ज्याचा मेंदू व पाठीचा कणा होतो ती नळी देखील त्याच सुमारास बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले असतात. पुष्कळ स्त्रियांना तर अजून खात्रीहि पटलेली नसते. बारा आठवडे भरतात तेव्हां बालक सुमारें पांच ते सहा सेंटिमीटर लांब असतें, आणि त्याच्या सर्व मुख्य अवयवांची घडण झालेली असते. एकशें एकोणचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता गुप्त ठिकाणीं चाललेल्या ह्या घडणीबद्दल देवाचे उपकार मानितो. ती किती लवकर व किती निमूटपणें होते, हें आज आपणांस अधिक कळलें आहे.

ह्या कामासाठीं मातेचें सारें शरीर जुंपलें जातें. रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून एकदम उठतांना भोंवळ येते. रक्ताचें प्रमाण वाढूं लागतें व हृदयास अधिक काम पडतें. मूत्रपिंडें अधिक रक्त गाळूं लागतात, म्हणून लघवीस वारंवार जावें लागतें. स्तन जड होतात व दुखतात. प्रोजेस्टेरॉन नांवाच्या संप्रेरकामुळें आंतडीं मंदावतात, शौचास साफ होत नाहीं, छातींत जळजळतें, आणि दिवसाढवळ्या झोंप अनावर होते. ही सुस्ती आळसाची नव्हे. ती चूल पेटवितांना बसल्या जागीं डुलकी घेते, तेव्हांहि तिच्या देहाचें काम चाललेलेंच असतें.

मळमळ व ओकाऱ्या दहांपैकीं सुमारें सात-आठ स्त्रियांस होतात. बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्या सुरू होतात, नवव्याच्या सुमारास अधिक वाढतात, आणि बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींच्या ओसरतात. फोडणीचा, रॉकेलचा, तंबाखूचा वास सोसवत नाहीं. फार काळ लोक ह्यांस मनाचे खेळ समजत. परंतु २०२३ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलेल्या शोधावरून असें दिसून आलें कीं जीडीएफ-१५ नांवाचें एक संप्रेरक गर्भाकडून मातेच्या रक्तांत येतें, व तें मेंदूच्या ओकारीच्या केंद्रास चेतवितें. ज्या स्त्रीच्या देहाला त्याची संवय कमी, तिला त्रास अधिक. तेव्हां सासूबाईंस मुळींच त्रास झाला नसेल आणि सुनेस अतोनात होत असेल, तर दोघीहि खरेंच बोलत आहेत.

सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं भाकरीचा सुका तुकडा किंवा मूठभर लाह्या चावून खाव्या. पोट रिकामें ठेवूं नये. दोनदां पोटभर जेवण्यापेक्षां पांच-सहा वेळां थोडथोडें खावें. पाणी घोट घोट प्यावें. थोडें आलें चोखल्यानें पुष्कळींस बरें वाटतें. कांहीं दिवस फोडणीचें काम दुसऱ्या कोणी करावें.

३. मनांत काय घडतें

आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत गर्भवतीस 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदयांची असें नांव आहे. तें नांव मोठें समर्पक आहे. एकाच दिवसांत हंसूं व रडूं, उगाच राग, उगाच भय, आवडीच्या माणसाचाहि कंटाळा, हें ह्या महिन्यांत नेहमींचें आहे. संप्रेरकांच्या वेगानें मन हेलकावतें, आणि झोंप व अन्न नीट नसल्यानें तें अधिकच दुबळें होतें.

याशिवाय खरीं भयेंहि असतात. बाळंतपणांत मी जगेन ना? पहिल्या वेळीं गर्भ पडला; ह्या वेळीं राहील ना? घरांत पैका नाहीं, त्यांत आणखी एक तोंड? मुलगीच झाली तर? ह्या शेवटल्या भयाविषयीं पुरुषांनीं स्पष्ट ऐकावें : मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजावरून ठरतें. स्त्रीस त्याबद्दल बोल लावणें हें असत्य व अन्याय आहे. गर्भाचें लिंग तपासून घेणें १९९४ च्या कायद्यानें गुन्हा आहे; देवापुढें तर तें पाप आहेच.

कित्येक बहिणींस एक गोष्ट मनांत खाते व ती त्या कोणाजवळ बोलत नाहींत. मूल हवें म्हणून प्रार्थना केली, देवानें ऐकली, आणि आतां आनंदच वाटत नाहीं. मग मी कृतघ्न आहें काय? अशा बहिणीनें रिबकेची हकीकत वाचावी. इसहाकानें तिच्यासाठीं प्रार्थना केली होती व वीस वर्षांनंतर देवानें ती ऐकली होती. तरीहि पोटांतील झगड्यानें रिबका व्याकुळ झाली, आणि आपलें हें असें कां, असा प्रश्न घेऊन ती परमेश्वराकडे गेली. परमेश्वरानें तिला धमकाविलें नाहीं, उत्तर दिलें. व्याकुळ होणें म्हणजे अविश्वास नव्हे. तें दुःख देवाजवळ व विश्वासू माणसाजवळ बोलून दाखवावें.

परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ दररोज राहिली, अन्नावरून व जगण्यावरून मन उडालें, किंवा जीव द्यावा असे विचार येऊं लागले, तर केवळ "प्रार्थना कर" असें सांगून उपदेशकानें हात झटकूं नयेत. तिला एकटें न ठेवितां दवाखान्यांत न्यावें. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. वैद्याकडे जाणें हें प्रार्थनेच्या विरुद्ध नाहीं.

४. एक गोळी, व एक इशारा

१९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज वैद्य बाई मुंबईस आल्या. गिरणींत काम करणाऱ्या गरीब गर्भार स्त्रियांच्या अंगांत रक्त कां राहत नाहीं, याचा त्यांनीं शोध केला. यीस्टचा अर्क दिला असतां ह्या स्त्रियांचें रक्त सुधारतें, असें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें पालकाच्या पानांत सांपडलें. म्हणून लॅटिन भाषेंतील 'पान' ह्या शब्दावरून १९४१ सालीं त्याला फॉलिक ॲसिड हें नांव पडलें. ज्या मातांना पूर्वीं कण्याचा दोष असलेलें मूल झालें होतें, त्यांना गर्भ राहण्यापूर्वींपासून हें द्रव्य दिल्यास तोच दोष पुन्हां येण्याचें प्रमाण ७२ टक्क्यांनीं घटतें, असें १९९१ सालीं ब्रिटनमधील संशोधकांनीं दाखविलें.

ही गोळी आज उपकेंद्रांत फुकट मिळते. पण कण्याची नळी किती लवकर बंद होते तें वर सांगितलें आहे. म्हणून पोट दिसल्यावर नांव नोंदविणाऱ्या बहिणीस ह्या गोळीचा तो लाभ मिळत नाहीं. मूल हवें असेल तर आधींपासूनच, निदान पाळी चुकतांच ती सुरू करावी. तीन महिन्यांनंतर लोहाची गोळी १८० दिवस घ्यावयाची असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील निम्म्याहून अधिक गर्भार स्त्रियांस रक्तक्षय आढळला. माती, खडू, राख खावीशी वाटणें हें पुष्कळदां डोहाळ्याचें नव्हे, तर रक्त कमी असल्याचें लक्षण असतें.

आतां इशारा. १९५७ सालीं जर्मनींत थॅलिडोमाइड नांवाचें औषध निघालें, आणि पुढें तें अनेक देशांत गर्भार स्त्रियांस मळमळीवर दिलें गेलें. त्यामुळें दहा हजारांहून अधिक बालकें हातांपायांचे दोष घेऊन जन्मलीं. १९६१ सालीं तें तेथें बंद झालें. त्या मातांचा कांहीं अपराध नव्हता. परंतु त्यावरून जग हें शिकलें कीं ह्या तीन महिन्यांत कोणतेंहि औषध, मग तें दुकानांतील गोळी असो कीं भगताची मुळी असो, वैद्यास विचारल्यावांचून घेऊं नये. मात्र मिरगी, थायरॉईड, मधुमेह अशा दुखण्याचें औषध चालू असेल, तर तें आपल्या मनानें एकाएकीं बंदहि करूं नये. लगेच वैद्यास भेटावें.

मिशरी सोडावी. दांतांस लावलेली ती राख तंबाखूचीच आहे. तिनें मूल कमी वजनाचें होतें. दारू मुळींच नको. शेतांतील औषध-फवारणीच्या कामापासून दूर राहावें.

५. भयाचीं चिन्हें, व न दिसणारें दुःख

पुढील चिन्हें दिसतांच, रात्र असो कीं दिवस, १०८ ची गाडी बोलवावी : अंगावरून रक्त जाणें, पोटांत, विशेषतः एका बाजूस, तीव्र कळ येणें, बेशुद्ध पडणें, पाण्याचा घोटहि न टिकणें व लघवी फार कमी होणें, जोराचा ताप. कधीं कधीं गर्भ गर्भाशयांत न रुजतां नळींत रुजतो. तेव्हां आंतल्या आंत रक्तस्राव होऊन कांहीं तासांत प्राण जाऊं शकतो. "सकाळपर्यंत पाहूं" ह्या दोन शब्दांनीं घरें उजाड होतात.

कळलेल्या गर्भांपैकीं शंभरांत सुमारें दहा ते वीस पडतात, व त्यांतील बहुतेक ह्या पहिल्या तीन महिन्यांतच. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांत गर्भाची बीजांतील घडणच मुळांत अपुरी असते. स्त्रीनें घागर उचलली, ग्रहणांत भाजी चिरली, कोणाची दृष्ट लागली, सासूशीं भांडली, म्हणून गर्भ पडला असें नसतें. रोजच्या साध्या घरकामानेंहि तो पडत नाहीं. मग भार कां हलका करावयाचा? ती थकली आहे म्हणून. प्रीतीला एवढें कारण पुरे आहे.

गर्भ गेलेल्या बहिणीकडे पांच-दहा मिनिटें बसण्यासहि पुष्कळदां कोणी जात नाहीं. कारण न प्रेतयात्रा, न कबर, न नांव. उपदेशकानें जावें. तेथें कारणें शोधूं नयेत, पापाचें नांव काढूं नये, "देव दुसरें देईल" असेंहि घाईनें म्हणूं नये. हन्ना मंदिरांत रडत प्रार्थना करीत होती, तेव्हां एली याजक तिला प्यालेली समजला. आपण तशी चूक करूं नये. प्रथम तिचें ऐकून घ्यावें. मग तिच्याबरोबर थोडक्यांत प्रार्थना करावी. तिच्या नवऱ्यालाहि विसरूं नये; मूल त्याचेंहि गेलें आहे.

६. घरानें व मंडळीनें काय करावें

नवऱ्यानें : पाळी चुकल्याचें पत्नीनें सांगतांच तिच्याबरोबर स्वतः उपकेंद्रांत जावें. बारा आठवड्यांच्या आंत नांव नोंदवावें आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावें. तेथें वजन, रक्तदाब, रक्त व लघवी यांची तपासणी होते, धनुर्वाताची लस मिळते. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची विशेष तपासणी होत असते. पाण्याचा हंडा व सरपणाचा भारा कांहीं महिने आपण उचलावा. तिला स्पर्श नकोसा वाटल्यास रागावूं नये.

सासूनें : अलीशिबा व्हावें. सून काय म्हणते तें खरें मानावें. तिला आधीं जेवूं द्यावें, दुपारीं घटकाभर निजूं द्यावें. आपले दिवस कसे गेले तें सांगावें, पण तुलना करण्यासाठीं नव्हे, धीर देण्यासाठीं.

ऊसतोडीस जाणाऱ्यांनीं : मुकादमाची उचल घेतलेली असते व एका दिवसाचा खाडाहि जड जातो, हें खरें. तरी गर्भार बहिणीस मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरावयास लावूं नये. तिचें कार्ड बरोबर न्यावें, आणि फडाजवळच्या उपकेंद्रांत तें पहिल्याच आठवड्यांत दाखवावें.

मंडळीनें : प्रत्येक पहिलटकरणीमागें एक अनुभवी बहीण नेमावी. तिनें आठवड्यांतून एकदां जावें, एखादी भाकर-भाजी करून द्यावी व ऐकून घ्यावें. ज्या बहिणीस घरीं सासू नाहीं, किंवा ख्रिस्ताच्या नांवामुळें जिचें माहेर तुटलें आहे, तिला ह्या सेवेची सर्वांत अधिक गरज आहे. मात्र तिच्या परवानगीवांचून ही बातमी उपासनेंत जाहीर करूं नये. अलीशिबेनेंहि आपले पांच महिने आपल्याजवळच ठेविले होते.

देवाच्या पुत्रानें मनुष्यदेह धारण केला, तो प्रौढ होऊन एकाएकीं आला नाहीं. तोहि बारा आठवड्यांचा होता. कोणास न दिसणारा, आईच्या थकल्या देहांत, एका नातलगाच्या घरच्या भाकरीवर वाढणारा. त्या घरानें मरीयेस जागा दिली, तेव्हां कोणास जागा दिली हें आपण जाणतों. आपल्या घरांतील सुनेला बसावयास जागा देतांना ही आठवण ठेवूं या.

चर्चेसाठीं प्रश्न

१. अलीशिबेनें मरीयेचें स्वागत कसें केलें? आपल्या घरीं अशा वेळीं पहिला शब्द कोणता निघतो?
२. मळमळ व सुस्ती ह्यांचीं कारणें आपल्या शब्दांत सांगा.
३. फॉलिक ॲसिडची गोळी लवकर कां सुरू करावी?
४. कोणतीं चिन्हें दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये?
५. आपल्या मंडळींत आज कोणती बहीण एकटी आहे? तिच्याकडे कोण जाईल? नांव ठरवूनच सभा संपवावी.

प्रार्थनेचे विषय : गर्भार बहिणी, मूल होत नाहीं म्हणून दुःखी असलेलीं जोडपीं, ज्यांचा गर्भ गेला ते आईबाप, आशा कार्यकर्त्या, परिचारिका व वैद्य.